दोन भिंगांचा कॅमेरा आणि नारिंगी काचेची जोडी

कृष्णधवल रोल घालून पिवळा किंवा लाल फिल्टर (भिंगापुढे लावायची रंगीत काच) कसा वापरावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कॅमेऱ्याला भिंगंच दोन आहेत म्हटलं की तेच लोक गप्प होतात. सप्टेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात या एका कामापायी तीन रोल, तीन लेथ-खेपा, एक कस्टम्सची चिठ्ठी आणि भरपूर चिडचिड झाली. दुसऱ्या कुणाला एवढं करावं लागू नये म्हणून हिशेब आणि तारखांसकट लिहून ठेवतो.

कॅमेरा स्टिरिओ रिअलिस्ट, म्हणजे एकाच वेळी डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी दोन चित्रं काढणारा. ती जोडी दोन डोळ्यांच्या व्ह्यूअरमधून पाहिली की दृश्याला खोली येते. अमेरिकेत मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीने तो १९४७ ते १९७१ या काळात विकला. ३५ मिमी फोकल लेंग्थची, एफ/३.५ची दोन भिंगं, त्यांच्या केंद्रांमध्ये ७० मिमी अंतर, आणि दोहोंच्या मधे व्ह्यूफाइंडरचं छोटं भिंग. रोल नेहमीचाच ३५ मिमीचा, पण फ्रेम फिल्मच्या काठावरच्या पाच भोकांएवढी रुंद, त्यामुळे ३६च्या रोलवर २८-२९ जोड्या बसतात. शटर १ सेकंदापासून १/१५० पर्यंत. मुंबईतल्या एका संग्राहकाकडून १६,५०० रुपयांना मिळाला. सोबत चामड्याचा बटवा होता, त्यात दोन पिवळे आणि दोन नारिंगी फिल्टर. बटवा बघून वाटलं की काम झालंच. ते वाटणं दोन महिने टिकलं.

जुना स्टिरिओ कॅमेरा हाती आला की फिल्टरच्या आधी शटर तपासा. मागचं झाकण उघडून कॅमेरा खिडकीकडे धरायचा, १ सेकंदावर शटर मारायचं आणि दोन्ही भिंगांतून येणारा उजेड एकाच वेळी सुरू होतो का, एकाच वेळी संपतो का ते पाहायचं. मग १/५ आणि १/१० वर तेच. एक पातं रेंगाळलं तर एक चित्र गडद, एक फिकं होतं, आणि पुढे सगळा दोष फिल्टरच्या माथी मारला जातो. नंतर पांढऱ्या चुन्याच्या भिंतीच्या चार जोड्या फिल्टरविना काढून ठेवा. या चार जोड्यांचं महत्त्व पुढे कळेल.

आता फिल्टर बसवणं. बटव्यातल्या फिल्टरांना आटे नव्हते, काठ गुळगुळीत, आणि ज्या रिंगांत ते बसत असतील त्या रिंगा गहाळ. व्हर्नियर कॅलिपरने भिंगाच्या नळीचा बाहेरचा व्यास तीन दिशांनी मोजला, कारण सत्तर वर्षांत ठेचकाळून नळी थोडी लंबगोल झालेली असू शकते. रिंगेचं आतलं मोकळं तोंड किती हवं याचं गणित सोपं आहे. २४×२३ मिमी फ्रेमच्या कोपऱ्यापर्यंत ३५ मिमीचं भिंग मधल्या रेषेपासून साधारण २५ अंश बाहेर बघतं. फिल्टर डायफ्रॅमच्या (भिंगातलं छिद्र लहानमोठं करणाऱ्या पात्यांच्या) ८ मिमी पुढे असेल तर पूर्ण उघड्या भिंगालाही १८ मिमीचं तोंड पुरतं. मी २२ मिमी ठेवलं. बाहेरचा व्यास मात्र उगाच वाढवू नका, मधल्या व्ह्यूफाइंडरभोवती शटरचा वेग बदलायची कडी असते आणि तिथे बोट जायला जागा हवी. रिअलिस्टची एक सोय आहे: यात फोकस करताना भिंग हलत नाही, आतली फिल्म पुढेमागे सरकते. त्यामुळे रिंग एकदा नीट बसली की ती हलत नाही की फिरत नाही.

पहिल्या रिंगा सावंतवाडीत करून घेतल्या, लाकडाच्या. खेळणी करणाऱ्या लेथवर दोन रिंगा, १५० रुपये, अर्ध्या तासाचं काम. करणाऱ्याने कॅमेरा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "ह्यो दोन डोळ्यांचो? मगे चष्मोच करूक होयो." रिंगा देखण्या झाल्या. पण समुद्राकाठच्या ऑक्टोबरात लाकूड काही स्वस्थ बसत नाही. दहा दिवसांत एक रिंग नळीवर अडकून बसली आणि दुसरी सैल होऊन पडायला लागली. चूक लाकूड मागणाऱ्याची. मग कुडाळच्या एमआयडीसीत नायलॉनच्या कांबीतून दोन रिंगा कातून घेतल्या, ७०० रुपये, चार दिवस. छिद्र नळीपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं आणि आत मखमली रिबिनीची एक पट्टी चिकटवलेली. ओरखडा पडत नाही आणि पकड राहते.

दोन्ही रिंगांच्या कडेला बारीक भोक पाडून त्या तंगुसाच्या नऊ सेंटिमीटर तुकड्याने एकमेकींना बांधल्या. हा तंगूस व्ह्यूफाइंडरच्या खालून जातो. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी युक्ती. रिअलिस्टचा व्ह्यूफाइंडर वेगळा असल्याने फिल्टर लावला काय न लावला काय, तुम्हाला दिसत काहीच नाही. घाईत एकच फिल्टर काढला गेला तर ते घरी निगेटिव्ह धुतल्यावर कळतं. बांधलेल्या असल्या की एक काढताना दुसरी ओढली जाते.

फिल्टर म्हणजे गणित आलंच. पिवळा (रॅटन ८, हे फिल्टरचे ठरलेले क्रमांक) एक स्टॉप खातो, नारिंगी दोन, लाल (रॅटन २५) तीन. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. पण स्टिरिओ कॅमेऱ्यात हे नुकसान नाही, उलट सोय आहे. स्टिरिओत जवळच्या फांदीपासून क्षितिजापर्यंत सगळं रेखीव लागतं. पुसट पार्श्वभूमी साध्या फोटोत छान दिसते, व्ह्यूअरमध्ये डोळा तिथे जाऊन चाचपडतो. म्हणून अॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, बारीक: एफ/११ किंवा एफ/१६. एफ/१६ ला फोकस ३ मीटरवर ठेवला की दीड मीटरपासून पुढचं सगळं येतं. आता ४०० आयएसओचा रोल, कोकणातलं स्वच्छ ऊन, म्हणजे एफ/१६ ला १/४०० हवं. कॅमेऱ्यात १/१५० च्या पुढे वेग नाही. फिल्टर नसेल तर दीड स्टॉप जास्त उजेड पडतो. पिवळा लावला की १/१५० आणि एफ/१६ जवळजवळ बरोबर बसतं. नारिंगीला १/१५० आणि एफ/११ व एफ/१६ च्या मधे. लालला १/५० आणि एफ/१६, अगदी चोख. एवढ्या तीन ओळी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या बुडाला चिकटवल्या. फिल्टरमागे मीटर धरून मोजायच्या फंदात पडू नका. मीटरची रंगदृष्टी आणि फिल्मची रंगदृष्टी एक नसते, लालच्या बाबतीत तर हमखास फसगत होते.

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार, विजयदुर्ग. एचपी५ प्लस या ४०० आयएसओच्या कृष्णधवल फिल्मचा रोल (१,०५० रुपये). किल्ला पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक असल्याने ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. वरच्या हिशेबाने हातातच भागत होतं, म्हणून अर्जाच्या वाटेला गेलो नाही. हातात १/५० च्या खाली मात्र उतरू नका.

वेळ सकाळची, साडेआठ ते साडेदहा. हे कोकणपट्टीचं खास आहे. समुद्र पश्चिमेला, सकाळी सूर्य पाठीशी, तेव्हा समोरचं आकाश सगळ्यात निळं असतं आणि फिल्टर पकडतो ते निळंच. दुपारनंतर त्याच दिशेला सूर्य येतो, आकाश पांढुरकं होतं, आणि पांढऱ्यावर कुठलाही फिल्टर काही करत नाही. मार्चनंतर धुरकटामुळे सकाळचंही हेच होतं. पावसाळा संपल्यापासून जानेवारीपर्यंतचे दिवस धरायचे.

आणि आकाश हे निम्मंच काम. इथला जांभा आणि इथली झाडी, डोळ्यांना एक तांबडा आणि एक हिरवी, पण कृष्णधवल रोलवर फिल्टरविना दोन्ही एकाच करड्या छटेत बसतात. तटाला चिकटून वाढलेलं झुडूप आणि तट वेगळे ओळखू येत नाहीत. नारिंगी लावला की जांभा उजळतो, पान गडद होतं, चिऱ्यातलं एकेक भोक दिसायला लागतं. वाटेत देवगडकडच्या कलमांना तांबूस पालवी आली होती. नारिंगीतून ती जुन्या पानांवर दिवे लावल्यासारखी येते.

रोल घरीच धुतला. नळाचं पाणी २७ अंश होतं, थेट वापरलं तर डेव्हलपिंगची वेळ फार आखूड होते आणि रोलवर पट्टे पडतात. डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक पातळ करून, टबात बर्फाच्या पिशव्या ठेवून २४ अंशांवर आणला आणि ९ मिनिटं दिली. २० अंश गाठता आले तर १३. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास ठेवा. बाहेर लॅबला देणार असाल तर पाकिटावर ठळक लिहा: कापू नका. रिअलिस्टच्या रोलवर एका जोडीच्या दोन चित्रांमध्ये शेजारच्या जोड्यांची दोन चित्रं येतात. सवयीने सहा-सहाच्या पट्ट्या कापल्या की कात्री कुणाच्या तरी मधोमध चालते.

जोड्या लावताना डावं-उजवं जपा. कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र उलटं पडतं, पट्टी सुलट केली की डाव्या डोळ्याचं चित्र उजवीकडे गेलेलं असतं. अदलाबदल केली नाही तर तट मागे आणि आकाश पुढे येतं.

पिवळ्याच्या जोड्या सुरेख आल्या. नारिंगीच्या व्ह्यूअरला लावल्या आणि डोळे चोळावे लागले. तट ठीक, झुडपं ठीक, पण आकाश जागेवर ठरेना. धूपछाव साडीचा पदर हलवल्यावर जसा रंग सरकतो, तसं आकाश गडद-फिकं, गडद-फिकं झळकत होतं. दोन डोळ्यांना एकाच जागी दोन वेगळ्या छटा दाखवल्या की मेंदू त्यांची सरासरी काढत नाही, त्याला तिथे चकाकी दिसते. निगेटिव्ह शेजारी ठेवल्यावर कारण उघड झालं. एका चित्रात आकाश बरंच गडद, दुसऱ्यात मध्यम. तटाची छटा मात्र दोन्हींत सारखी.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. एक फिल्टर नुसता जास्त दाट असता तर आख्खं चित्रच गडद झालं असतं, आणि ते स्कॅनमध्ये सरळ करता येतं. इथे रंगच वेगळा होता. दोघांपैकी एक खरा नारिंगी आणि दुसरा गडद पिवळा, किंवा उतरलेला नारिंगी. असा फरक नंतर कशानेही भरून निघत नाही, कारण आकाश दुरुस्त करायला गेलं की तट बिघडतो.

खात्री करायला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसरा रोल अदलाबदलीच्या चाचणीत घातला. निळं आकाश, पांढरी भिंत आणि जांभ्याचा गडगा एकाच चौकटीत येतील अशी जागा. एक जोडी फिल्टर आहेत तसे, लगेच दुसरी जोडी फिल्टर डाव्याचे उजवीकडे करून. गडद आकाश फिल्टरबरोबर बाजू बदलतं का बघायचं. बदललं तर दोष फिल्टरचा, तिथेच राहिलं तर शटरचा किंवा अॅपर्चरचा. सुरुवातीच्या फिल्टरविना चार जोड्या इथे साक्षीला येतात. माझ्याकडे गडद आकाश फिल्टरबरोबर पळालं. तीनच फोटोंत निकाल लागला असता, मी आख्खा रोल जाळला.

रोल न घालवता करायची चाचणीही आहे, ती मला नंतर सुचली. मोबाइलचा पांढरा स्क्रीन पूर्ण प्रकाशावर ठेवून दोन्ही फिल्टर त्यावर शेजारी ठेवायचे, मग एक निळा आणि एक हिरवा चौकोन दाखवून तेच. पांढऱ्यावर सारखे दिसणारे फिल्टर हिरव्यावर वेगळे पडले तर ती जोडी नव्हेच. काच तिरकी धरून काठही बघा. जुने फिल्टर पुष्कळदा दोन काचांमध्ये जिलेटीन चिकटवून केलेले असतात. आपल्या दमट हवेत ते काठाकडून सुटतात आणि आत इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं दिसतात. माझ्या दोन्ही नारिंगींत ती होती, आणि बटवा उघडला त्या दिवशी ती शोभेची वाटली होती.

दशावताराच्या दिव्यांना लावतात तो जिलेटीन पेपर कापून वापरावा असं मनात आलं होतं. एकाच कागदातून दोन तुकडे शेजारीशेजारी कापले तर रंग नक्की जुळतो, कल्पना चूक नाही. पण तो कागद दिव्यापुढे धरायला केलेला, भिंगापुढे नव्हे. त्याच्या सुरकुत्यांनी दोन्ही चित्रांची धार गेली. प्रकाशचित्रणासाठीचा पातळ जिलेटीन चौकोन मिळाला तर मात्र हीच युक्ती सर्वोत्तम. तो कोरड्या डबीत, सिलिका जेलसोबत ठेवावा लागेल एवढंच.

शेवटी नव्या काचेच्या दोन जोड्या परदेशातून मागवल्या, ३०.५ मिमीच्या, नारिंगी आणि लाल. विक्रेत्याला आधी विचारून घेतलं की दोन्ही नग एकाच मालातले देणार का. चार फिल्टर ७,२०० रुपये. ९ डिसेंबरला पार्सल निघालं, १७ला मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसला पोचलं, तिथून केवायसीची मागणी आली. आधार आणि खरेदीचं बिल पाठवलं. बिलावर 'ऑप्टिकल वस्तू' असं मोघम लिहिलं होतं, त्यावर खुलासा मागवला गेला. 'छायाचित्रणाचे काचेचे फिल्टर, एचएस कोड ९००२.२०' असं (एचएस कोड म्हणजे कस्टम्सचा मालाचा क्रमांक) लिहिलेलं बिल विक्रेत्याकडून पुन्हा घेऊन पाठवलं. हे आधीच लिहून मागा, आठवडा वाचेल. २ जानेवारीला पोस्टमनने पार्सल दिलं आणि आकारणीच्या चिठ्ठीवरची ड्युटी रोख घेतली. चिठ्ठी जपून ठेवली आहे.

नव्या फिल्टरांना आटे होते. नायलॉनवर इतके बारीक आटे पाडण्यापेक्षा दोन स्वस्त यूव्ही फिल्टर घेतले, त्यांच्या काचा काढून टाकल्या आणि रिकाम्या कड्या रिंगांवर अॅराल्डाइटने चिकटवल्या. त्याआधी कुडाळला पुन्हा जाऊन रिंगांचं तोंड सपाट करून घेतलं, १०० रुपये. फिल्टरांच्या काठावर नेलपॉलिशने 'डा' आणि 'उ' लिहिलं, म्हणजे पुढे फरक पडलाच तर कोणाचा ते कळेल.

११ जानेवारी २०२५, तिसरा रोल, तीच जागा, तीच वेळ. प्रत्येक चौकट चारदा: फिल्टरविना, पिवळा, नारिंगी, लाल. नारिंगीचं आकाश या वेळी गप्प बसलं होतं, ढग आपापल्या जागी. पण धक्का लालने दिला. साध्या फोटोत लालचं काळंभोर आकाश बघून माणसं वाहवा करतात. स्टिरिओत त्याच आकाशाला खोलीच नाही. दोन डोळ्यांना जुळवायला काहीतरी रेघ, कण, ढगाचा काठ लागतो, आणि सपाट काळ्यात ते काहीच नाही. तटामागे कुणी काळा पुठ्ठा धरल्यासारखं दिसतं. सावल्यांचंही तेच. सावलीत उजेड येतो तो निळ्या आकाशाचा, लाल काच तोच अडवते, आणि बुरुजाच्या कोनाड्याजागी नुसतं भोक उरतं.

दूरच्या डोंगरांचं तर आणखी वाईट. ७० मिमी अंतरावरच्या दोन भिंगांतून ५० मीटरवरची वस्तू फिल्मवर अनंतापेक्षा ०.०४९ मिमी सरकते (७० गुणिले ३५, भागिले ५०,०००). २०० मीटरवर हाच आकडा ०.०१२ मिमी, तो फिल्मच्या दाण्यातच विरतो. त्यापुढचं सगळं स्टिरिओतही सपाट. वाघोटण खाडीपलीकडचे डोंगर एकामागे एक आहेत हे आपल्याला कळतं ते मधल्या निळसर धुक्यामुळे. लाल फिल्टर ते धुकंच पुसतो, आणि चार रांगांची एक रांग होते. पिवळा थोडं राखतो. म्हणून माझ्यापुरता निकाल असा: दूरचे डोंगर चौकटीत असतील तर पिवळा, जांभा आणि झाडी जवळ असेल तर नारिंगी, लाल बटव्यात.

समुद्राकाठी काम करताना दर दहा-बारा फोटोंनंतर फिल्टर तिरके धरून बघा. खारं शिंतोडं एकाच काचेवर बसलं तरी जोडी गेली. कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाबरोबर आलेला वाळूचा कण काचेवर ओरखडा पाडतो. आधी ब्लोअर, मग डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून मीठ विरघळू द्यायचं, मग पुसायचं. बॅटरीच्या दुकानात लिटरभर पाणी पंचवीस-तीस रुपयांना मिळतं.

लालने काढलेल्या एका जोडीत किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी होती, पांढरा पट्टा आणि त्यावर लाल रंगात ठसठशीत नाव. प्रिंट मालकाला नेऊन दिली. त्यांनी व्ह्यूअर डोळ्याला लावला, बराच वेळ बघितलं, होडी हाताने चाचपल्यासारखा हात पुढे केला आणि विचारलं, "फोटो बरो आसा, पण होडयेचा नाव खंय गेला?" लाल काचेतून लाल अक्षर आणि पांढरा पट्टा एकच होतात. हिरव्या फिल्टरने तेच नाव काळंकुळकुळीत उमटेल. हिरव्याची जोडी मागवली आहे, या वेळी बिलावर कोड आधीच लिहून.